टिनुसचे उघडे खूर

टिनुसला लंगडं मी केलं. अनेकेनं नव्हे. एवढंसं वाक्य, पण गेलं वर्षभर ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्या दिवशी ते बोलायला हवं होतं, त्या दिवशी मी घोड्याच्या मानेवरून हात फिरवत उभा राहिलो.

गेल्या आठवड्यापासून पुन्हा पूर्वेचा वारा सुटला आहे. कोरडा, सरळ, दिवसभर एकाच दिशेनं वाहणारा. इथल्या लोकांना तो आवडतो. आकाश निळंशार होतं, वाखनिंगन या आमच्या डच गावाच्या चौकात आइस्क्रीमच्या दुकानापुढे रांग लागते, ऑफिसातले सहकारी जेवणाच्या सुट्टीत बाह्या वर करून भिंतीला टेकून उन्हात बसतात. मी मात्र खाली जमिनीकडे बघतो. नदीकाठची ही चिकणमाती फेब्रुवारीत बूट ओढून घेते. पाय वर येतो आणि बूट चिखलातच राहतो. आणि हा वारा लागला की तीच माती मडक्यासारखी भाजून निघते. ओल्यात उमटलेले खुरांचे ठसे तसेच्या तसे घट्ट होतात, कडा धारदार. टाचेनं ठोकून बघितलं तर ठक्क असा आवाज येतो. पुण्यात असताना जमीन कडक झाल्यानं कुणाचं काय होतं, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. आमचा जमिनीशी संबंध पार्किंगपुरता.

इथे मी एका प्रयोगशाळेसाठी सॉफ्टवेअर लिहितो. टोमॅटो किती पिकला, किती गोड झाला, हे कॅमेऱ्याला कळावं म्हणून. आलो तेव्हा आम्ही तिघं होतो. माझ्या बायकोनं, वैशालीनं, दोन उन्हाळे काढले, आमच्या मुलानं, ओमनं, शाळेत डच मुलांच्या घोळक्याच्या कडेला उभं राहून बरेच महिने काढले, आणि मग दोघं पुण्याला परत गेले. मी "थोडे दिवस" म्हणून मागे राहिलो. ओमची सायकल अजून खालच्या कोठीत आहे. आता त्याचे गुडघे तिच्या हँडलला लागतील, पण ती काढून टाकावी असं मनात आलं की मी दुसरंच काही आवरायला घेतो. घरात आवाज असतो तो हीटरच्या पाइपांचा. शनिवारी सकाळी जाग आली की सोमवारपर्यंत कुणाशी बोलायची गरज पडणार नाही, हे आधी कळायचं आणि मग डोळे उघडायचे.

अशाच एका शनिवारी नदीच्या बांधावरून चालत असताना खालच्या तबेल्याच्या फाटकावर पाटी दिसली. लीद काढायला मदतीला माणूस हवा होता. तबेला रीटचा. म्हातारी, एकटी, कंबरेच्या शस्त्रक्रियेनंतर काठी घेऊन फिरणारी. तिचा नवरा नालबंद होता, घोड्यांना नाल ठोकणारा. तो गेल्यावर उरले दोन घोडे, त्यातला एक टिनुस. पांढरा, वयस्क, तरुणपणी शहरात बग्गीला जुंपलेला, त्यामुळे जगातल्या कुठल्याच आवाजाचं त्याला नवल नव्हतं. रीटनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "घोड्यांबद्दल काय माहीत आहे?"

"काहीच नाही."

"छान. म्हणजे मला काही शिकवणार नाहीस."

तिथून माझे शनिवार भरले. घोड्याशी बोलायला डच लागत नाही. मी टिनुसशी मराठीत बोलायचो. ऑफिसातल्या गोष्टी, ओमचे गणिताचे मार्क, काल केलेली खिचडी करपली ते. तो कान वळवायचा. कान वळवणारं कुणीतरी असणं ही काय चीज आहे, हे एकट्या राहणाऱ्यालाच कळेल.

आणि अनेके. ठरावीक आठवड्यांनी तिची पांढरी व्हॅन अंगणात यायची. चाळिशीची, रुंद खांद्यांची, पाठीला पट्टा बांधलेली, सतत बडबडणारी नालबंद. रीटच्या नवऱ्याच्या हाताखाली ती शिकली. व्हॅनचं मागचं दार उघडलं की गॅसची छोटी भट्टी, ऐरण, कानशी, खिळ्यांचे डबे. घोड्याचा पाय उचलून ती तो आपल्या मांड्यांमध्ये धरायची आणि कमरेत वाकून तासभर तशीच राहायची. खूर सोलताना ओल्या नारळाच्या पातळ कापासारख्या चकत्या खाली पडत. रीटचा कुत्रा त्या पळवून नेऊन कोपऱ्यात चघळत बसे. लाल झालेला नाल खुरावर टेकवला की चर्र आवाज होऊन पिवळट धुराचा लोट उठायचा. जळलेल्या केसांचा वास. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी घाबरून मागे झालो.

"त्याला दुखत नाही," अनेके धुरातून म्हणाली, "तुला नखं कापताना दुखतं का? आणि तोंड असं करू नकोस, टिनुसला वाटेल तुलाच नाल मारतेय."

काम झालं की ती हात धुऊन स्वयंपाकघरात यायची. रीटच्या समोरची खिडकीजवळची खुर्ची तिची. कॉफी, सफरचंदाचा केक, आणि दोघींचं एकमेकींवर खेकसणं. रीट म्हणायची, "माझा नवरा असता तर त्या मागच्या पायाला अजून एकदा कानस मारली असती." अनेके म्हणायची, "तुझा नवरा असता तर मी घरी झोपले असते." मग दोघी हसायच्या. मी दारात बूट काढून उभा असायचो आणि ते ऐकत राहायचो. माणसं भांडताहेत आणि घरात कुणी घाबरलेलं नाही, अशी खोली मी फार दिवसांत पाहिली नव्हती.

गेल्या वर्षी हिवाळ्यात टिनुसचे नाल काढून ठेवले होते. इथे पुष्कळ जण तसं करतात. खुरांना विश्रांती मिळते. हिवाळाभर तो ओल्या मातीत उभा होता. मार्चअखेर अनेकेनं येऊन वाढलेले, तुटलेले काठ नीट कापले, तळव्यावर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाली, "पाण्यानं मऊ झालेत. जरा कोरडे होऊन घट्ट होऊ देत, मग नाल मारते. तोवर गवत आणि वाळू. विटांच्या रस्त्यावर नको, खडीवर तर अजिबात नको." हे तिनं रीटला सांगितलं, मला सांगितलं आणि निघताना गाडीच्या खिडकीतून परत एकदा मला सांगितलं.

त्याच सुमाराला पाडव्याची शोभायात्रा ठरली.

आमच्या भागातल्या मराठी मंडळात बहुतेक कुटुंबंच आहेत. एकटा असलेला मी. मी खुर्च्या लावतो, कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या काढतो, उरलेला मसालेभात डब्यात भरून घरी आणतो. कुणी वाईट वागत नाही. उलट सगळे फार चांगले वागतात, आणि तेच जरा जड जातं. त्या वर्षी ढोलपथक बसवलं होतं, लेझीम होतं, नऊवारी नेसून सायकलवरून येणाऱ्या बायका होत्या. मंडळाच्या बैठकीत मंदार म्हणाला, "सगळं आहे रे, घोडा असता तर डोंबिवलीच्या तोंडात मारली असती."

मी म्हणालो, "घोडा आहे."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मंदार उठून उभा राहिला. "पांढरा?"

"पांढरा."

"सुहासदादा! अरे इतके दिवस खुर्च्या काय उचलत बसलायस!"

रीटनं थोडे आढेवेढे घेतले, मग हो म्हणाली. ढोल म्हटल्यावर तिला टिनुसच्या कानांची काळजी. मंडळात सगळ्यांना तीच काळजी. कापसाचे बोळे कानात घालू, ढोल मागे ठेवू, ताशा अजून मागे. कुणीतरी नगरपालिकेच्या परवानगीत घोडा लिहायचा राहिला म्हणून धावपळ केली. त्याच्या कानांबद्दल आम्ही सगळ्यांनी विचार केला. पायांबद्दल मला एकट्याला माहीत होतं, आणि मी बैठकीत ते बोललो नाही. बोललो असतो तर घोडा रद्द झाला असता.

"गवतावरून ने," पाडव्याच्या सकाळी रीट फाटकात म्हणाली. "रस्त्याच्या कडेला पट्टा आहे, त्यावरून. अनेके काय म्हणाली ते लक्षात आहे ना?"

"आहे."

बांध संपून गाव सुरू होईपर्यंत मी शब्द पाळला. तिथून सभागृहापर्यंत विटांचा रस्ता. कडेच्या गवतावर माणसंच माणसं: मुलांच्या ढकलगाड्या, मोबाइल उंच धरलेले हात, बघायला थांबलेले गावकरी. टिनुसच्या गळ्यात झेंडूची माळ, पाठीवर भगवी झूल, डोक्यावर फेटा बांधलेला मी लगाम धरून सर्वांत पुढे. "सुहासदादा, इकडे बघा!" "दादा, जरा थांबा, आमच्या पिंकीला घोड्याजवळ उभं करू?" "काय रुबाब आहे राव!" कितीतरी वर्षांत माझं नाव इतक्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी गवताकडे पाहिलं आणि रस्त्यावरून चालत राहिलो. उघडे खूर विटांवर पोकळ वाजत होते. सभागृहापुढच्या आवारात खडी होती. तिथे टिनुसनं पहिल्यांदा पाऊल आखडलं. पुढचा उजवा पाय टेकवायचा आणि लगेच उचलायचा, तापलेल्या फरशीवर अनवाणी चालताना आपण करतो तसं. मान खाली-वर व्हायला लागली.

मी ते पाहिलं. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. लक्षात आलं नाही, गर्दी होती, असं काही नाही. मी पाहिलं.

तेवढ्यात वैशालीचा व्हिडिओ कॉल आला. ओम शेजारी होता, हल्ली तो कॅमेऱ्यात अर्धाच येतो. "बाबा, खरंच घोडा आहे? तुझा?"

"आपलाच," मी म्हणालो.

"चालवून दाखव ना. असं उभं राहिलेलं तर कुणीपण दाखवेल."

इतके महिने तो फोनवर "हं", "बरं", "आईला देतो" एवढंच बोलत होता. मी मंदारच्या हातात फोन दिला आणि टिनुसला वळवलं. खडीवरून, विटांवरून, रस्त्याच्या त्या टोकापर्यंत आणि परत. तो आला. ओढून घेतल्यावर घोडा येतो. ओम ओरडला, "भारी, बाबा!" मी हसून हात हलवला.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी टिनुस पाय टेकवेना. पुढचा उजवा पाय पुढे काढून, टोकावर ठेवून उभा. खूर हाताला गरम लागत होता. घोड्यांची डॉक्टर आली, तळव्याला बारीक चीर दिली आणि काळपट पू वाहिला. आत ठेचलं गेलं होतं, ते पिकलं होतं. तिनं विचारलं, "कडक जमिनीवर नेलं होतं का याला?"

रीटनं माझ्याकडे पाहिलं.

"गवतावरूनच नेलं," मी म्हणालो.

डॉक्टरनं खांदे उडवले. "मग तळवा फार पातळ कापला गेला असेल. होतं कधीकधी." आणि सामान आवरून ती पुढच्या गावाला गेली.

रीटनं अनेकेला बोलावलं. तो सगळा वेळ मी टिनुसच्या मानेशी उभा होतो. अनेकेनं पाय मांडीत घेऊन बराच वेळ बघितला. 

"मी फार कापलं नव्हतं," ती म्हणाली. मग खुराची कड पुन्हा चाचपून, "मला वाटत नाही, मी फार कापलं."

"वाटत नाही?" रीट म्हणाली. "माझ्या नवऱ्याला माहीत असायचं."

"तो गवतावरच होता ना? नक्की?" अनेकेनं मान वर करून मला विचारलं. मला, रीटला नव्हे.

"हो," मी म्हणालो.

तिनं पाय हळूच खाली ठेवला. "मग माझाच हात चुकला असणार." रीटनं तिला सांगितलं, पुढच्या वेळी येऊ नकोस. ओरडून नाही; काठीच्या मुठीकडे बघत. एवढ्या वर्षांत खेकसत राहिलेल्या त्या दोघी त्या दिवशी अगदी हळू आवाजात बोलल्या. भट्टी न पेटवताच व्हॅन परत गेली.

आणि मी टिनुसची सेवा केली. मन लावून केली, तेही खरं. रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट तबेल्यात. मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, मग पोटीस, त्यावर लहान मुलांचं डायपर, त्यावर चांदीच्या रंगाची चिकटपट्टी. घोड्याच्या खुराला डायपर अगदी मापात बसतं. पहिल्यांदा डायपर घ्यायला सुपरमार्केटमध्ये गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं हसून अभिनंदन केलं. मी धन्यवाद म्हणालो. आणखी एक खोटं. 

टिनुस बरा झाला. उन्हाळ्यात नवा नालबंद आला, घाईतला, फोन खांद्याला लावून काम करणारा. त्याच्या कामात खोट नव्हती. तो कॉफीला थांबत नसे. रीटनं एका शनिवारी मला आत बोलावलं, केक कापला आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. "बस. तू नसतास तर टिनुस उभा राहिला नसता. चांगला माणूस आहेस तू."

मी बसलो. शरमेची गोष्ट सांगायची तर, मला बरं वाटलं. खिडकीतून नदी दिसत होती, केक कोमट होता, कुणीतरी माझ्यासाठी कप काढून ठेवला होता. दुसऱ्याची जागा चोरली तरी ती ऊबदारच असते. पण त्या खुर्चीवर बसून मला रीटवर खेकसता येईना. काही आठवड्यांनी लक्षात आलं, आम्ही दोघं हवामानाबद्दल बोलतो आणि मग गप्प बसतो. त्या घरात माझ्यामुळे एक माणूस कमी झालं होतं आणि त्याची भरपाई मी नव्हतो. घरी येऊन दिवा न लावता बसायचो तेव्हा वाटायचं, एकटं असणं वेगळं आणि सगळ्यांपासून काहीतरी लपवून बसणं वेगळं. पहिल्यात निदान दार ठोठावलं तर आनंद होतो.

पुन्हा पूर्वेचा वारा सुटला, माती वाजायला लागली, आणि मंदारचा मेसेज आला: "दादा, यंदा घोडा फिक्स ना?" मी नाही म्हणून कळवलं. मग सकाळी उठून रीटकडे गेलो. बूट न काढता दारातच उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. विटा, खडी, ओमसाठी मारलेली फेरी.

 रीटनं नळ सोडून धुतलेलाच कप परत धुतला. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "नवऱ्याच्या वाढदिवसाला अनेके दर वर्षी थडग्यावर फुलं घेऊन येते. या वर्षीही फुलं होती. पण मला न भेटता गेली." कप पुसत म्हणाली, "मी विचारायला हवं होतं. मी विचारलंच नाही तिला, नुसतं सांगितलं." आणि मग एकदम चिडून, "तू इथे काय उभा आहेस? फोन करू नकोस. जा तिच्याकडे. मी नंतर करते फोन."

अनेके त्या दिवशी नदीपलीकडच्या तबेल्यात होती. होडीनं पलीकडे गेलो, वारा तोंडावर घेत बांधावरून सायकल मारली. वाटेत मी डचमध्ये वाक्यं जुळवत होतो. बायको-मुलगा लांब असतात, घरात कुणी नसतं, त्या दिवशी सगळे माझं नाव घेत होते, मुलगा कधी बोलत नाही आणि त्या दिवशी बोलला. सगळी वाक्यं खरी होती.

ती एका तपकिरी घोडीच्या मागच्या पायाखाली वाकलेली होती. मला बघून सरळ झाली नाही. पाय मध्येच सोडता येत नाही. तिच्या पाठीकडे बघत मी सांगितलं, जे झालं तेवढं. कानस थांबली. घोडीनं शेपूट झटकली. 

"वर्षभर," अनेके खुरावरची नजर न काढता म्हणाली, "मी प्रत्येक घोड्याचा खूर जास्तच ठेवत आलेय. कापायला घेते आणि हात आपोआप थांबतो. दोन घोडे अडखळायला लागले त्यामुळे. लोक विचारतात, अनेके, तुझं वय झालं का? मी त्यांना सांगते, पाठ दुखते." तिनं हाताच्या मागच्या बाजूनं कपाळ पुसलं. "मी रोज रात्री तो तळवा आठवून बघत होते. अंगठा दाबला होता की नव्हता."

"दाबला होतास," मी म्हणालो. "मी बघत होतो."

"मग का?"

वाटेत जुळवलेली ती सगळी वाक्यं तोंडाशी आली. घर, फोन, ओमचं "भारी, बाबा". ती ऐकली असती तर तिला माझी दया आली असती. तिचा स्वभाव तसाच आहे. आणि मग पुन्हा तीच मला काहीतरी देऊन बसली असती. मी ती गिळली.

"भित्रेपणा," मी म्हणालो. "तुझा हात चुकला नव्हता, अनेके. मला त्याच दिवशी माहीत होतं. तू मला विचारलंस, आणि मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो. माझी चूक तुझ्या हातावर टाकली. मला माफ कर."